पित्तनलिकेचं एमआरआय: पाच मिनिटांचं काम वीस सेकंदांत कसं होतं

पावसाळ्यात कोकणात कुणाला कावीळ झाली की पहिला संशय लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिसवर) जातो, आणि ते बरोबरच आहे. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून काम करणाऱ्यांना हा आजार गाठतो. लेप्टो नसेल तर दूषित पाण्यातून आलेला हिपॅटायटीस ए किंवा ई. पण या सगळ्या गर्दीत काही रुग्ण असे असतात की त्यांचं यकृत पित्त नीट तयार करत असतं, फक्त ते बाहेर पडायची वाट बंद झालेली असते. अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते, शौचाचा रंग उडून ते पांढुरकं दिसायला लागतं. अशी कावीळ पानांच्या रसाने किंवा उतारा काढून उतरत नाही, आणि वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक दिवस महागात पडू शकतो. बंद नळीत जंतू वाढले की ताप आणि हुडहुडी सुरू होते आणि प्रकरण जिवावर बेततं.

अशा वेळी डॉक्टर आधी सोनोग्राफी करतात. पित्ताशयातले खडे त्यात छान दिसतात. पित्तनलिकेचं खालचं टोक मात्र लहान आतड्याच्या मागे दडलेलं असतं आणि आतड्यातल्या हवेमुळे सोनोग्राफीला तिथलं धड दिसत नाही. नळी फुगली आहे एवढं कळतं, ती कशामुळे अडली आहे हे कळेलच असं नाही. मग चिठ्ठीवर लिहून येतं: एमआरसीपी. म्हणजे पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका पाहण्यासाठी केलेलं खास एमआरआय.

या नळ्या किती बारीक असतात ते आधी लक्षात घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. यकृतातल्या अगणित छोट्या वाहिन्या एकत्र होत होत शेवटी एक मुख्य पित्तनलिका बनते. निरोगी माणसात तिची रुंदी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते. स्वादुपिंडाची नलिका त्याहून बारीक, ३ मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही बहुतेकांमध्ये लहान आतड्यात जवळजवळ एकाच तोंडाने उघडतात. म्हणूनच पित्ताशयातून सुटलेला एखादा छोटा खडा त्या तोंडाशी अडकला तर कावीळही होते आणि स्वादुपिंडाला सूजही येते.

एमआरसीपी येण्याआधी या नळ्या स्पष्ट पाहायच्या तर ईआरसीपी करावी लागायची. तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्यापर्यंत जायचं, नळीच्या तोंडातून रंगद्रव्य आत सोडायचं आणि एक्स-रे काढायचा. खडा काढायला किंवा नळी उघडी ठेवणारा स्टेंट बसवायला ईआरसीपी आजही लागते आणि त्या कामात ती उत्तमच आहे. पण केवळ पाहण्यासाठी ती करणं धोक्याचं, कारण शंभरातल्या तीन ते दहा जणांना त्यानंतर स्वादुपिंडाची सूज येऊ शकते. १९९१ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी दुर्बिणीशिवाय, रंगद्रव्याशिवाय, नुसत्या एमआरआयने पित्तनलिका दाखवल्या. तिथून चित्र पालटलं. आता आधी एमआरसीपीने पाहायचं आणि गरज असेल तरच ईआरसीपी करायची, असा रिवाज पडला आहे.

रंगद्रव्य नसताना नळ्या दिसतात कशा? आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. मोठ्या चुंबकात त्यांना रेडिओलहरींचा धक्का दिला की ते काही काळ स्वतः सिग्नल देतात आणि मग तो सिग्नल विरत जातो. यकृतासारख्या भरीव पेशीजालातला सिग्नल शंभरेक मिलिसेकंदांच्या आतच विरतो. स्थिर पाण्याचा सिग्नल मात्र कितीतरी जास्त वेळ टिकतो. एमआरसीपीची सगळी युक्ती इथे आहे: धक्का दिल्यावर लगेच ऐकायचं नाही, थांबायचं. अर्ध्या सेकंदाहून जास्त काळ थांबून ऐकलं तर यकृत, स्वादुपिंड, स्नायू हे सगळे गप्प झालेले असतात आणि बोलत असतं ते फक्त साचलेलं पाणी. पित्त म्हणजे बहुतांशी पाणीच. रक्तही पातळ असलं तरी ते वाहतं, त्यामुळे त्याचा सिग्नल हाती लागत नाही. परिणामी काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याशुभ्र नळ्यांचं झाड उमटतं. खड्यात असं मोकळं पाणी नसतं म्हणून तो पांढऱ्या नळीत काळा ठिपका होऊन दिसतो. टोचायचं काही नाही, क्ष-किरण नाहीत. ज्यांची किडनी कमकुवत आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

आता वेळेचा प्रश्न. नळ्यांचं तिन्ही मितींतलं बारीक चित्र काढायला नेहमीच्या पद्धतीत चार ते सहा मिनिटं लागतात, आणि बऱ्याचदा त्याहून जास्त. यातला मोठा भाग यंत्राच्या संथपणामुळे जात नाही. तो आपल्या श्वासामुळे जातो. शांतपणे श्वास घेतानासुद्धा छातीचा पडदा एक-दोन सेंटिमीटर वरखाली होतो आणि त्याबरोबर यकृत आणि नळ्याही हलतात. तीन मिलिमीटरची नळी दहा-वीस मिलिमीटर हलत असेल तर तिचं चित्र धुरकट येणारच. म्हणून पोटावर पट्टा बांधून किंवा छातीच्या पडद्यावरच नजर ठेवून यंत्र वाट पाहतं. श्वास पूर्ण बाहेर पडला की क्षणभर सगळं स्थिर असतं. तेवढ्यात थोडी मापं घ्यायची, परत थांबायचं, पुढच्या श्वासाची वाट पाहायची. म्हणजे तपासणी किती वेळ चालणार हे किती श्वास लागणार त्यावर ठरतं.

माणूस निवांत असेल तर हे जमतं. पण एमआरसीपीला येणारा माणूस निवांत कुठून असणार? पोटात दुखत असतं, मळमळत असतं, ताप असतो. कुणाला दमा असतो. म्हातारं माणूस असेल तर त्या बोगद्यात, त्या ठकठक आवाजात जीव घाबरतो. कधी श्वास भराभर, कधी लांबलेला, मध्येच उसासा किंवा खोकला. यंत्राचा अंदाज चुकतो, पाच मिनिटांची दहा होतात आणि इतकं करूनही शेवटी नळीच्या कडा पुसट दिसतात. ज्यांना अचूक चित्राची सगळ्यात जास्त गरज असते, त्यांचंच चित्र सगळ्यात वाईट येतं. वेग वाढवण्याचे सगळे प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात ते याच कारणासाठी.

मापं घ्यायची म्हणजे नेमकं काय, हे थोडं सांगायला हवं. कॅमेरा चित्रातला प्रत्येक बिंदू त्या त्या जागी टिपतो. एमआरआयचं तसं नाही. एमआरआयचं प्रत्येक माप संपूर्ण चित्राबद्दल काहीतरी सांगतं. काही मापं चित्रातल्या ढोबळ उजेड-अंधाराबद्दल असतात, काही बारीक कडांबद्दल. ही हजारो मापं एका कोष्टकात भरली जातात आणि ते भरलं की फुरिअरच्या गणिताने त्याचं चित्र होतं. वेळ वाचवायचा तर दोनच मार्ग उरतात: मापं जास्त वेगाने घ्यायची, किंवा कमी मापं घेऊन उरलेल्यांची भरपाई दुसऱ्या कशाने तरी करायची.

पहिल्या मार्गावरचं मोठं पाऊल १९८६ साली पडलं. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे युर्गेन हेन्निग आणि त्यांचे सहकारी यांनी एका धक्क्यानंतर एकच नव्हे, तर लागोपाठ अनेक प्रतिध्वनी, म्हणजे परत उमटणारे सिग्नल, गोळा करायची पद्धत मांडली. आजची जवळजवळ सगळी एमआरसीपी तिच्याच वंशातली आहे. तिला टोकाला नेलं की एकाच धक्क्यात अख्खा काप टिपता येतो. त्यातही या कोष्टकाचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याचं जवळपास प्रतिबिंब असतो, त्यामुळे अर्ध्याहून थोडी जास्त मापं घेतली तरी भागतं. या युक्तीने चार-पाच सेंटिमीटर जाडीचा एक पूर्ण थर काही सेकंदांत निघतो. नव्वदच्या दशकापासून हे होतं आहे आणि आजही प्रत्येक एमआरसीपीत असा एक थर काढतात, कारण एका नजरेत सगळं झाड दिसतं. त्याची उणीव एवढीच की चार सेंटिमीटरमधलं सगळं पाणी एकावर एक येतं. छोटा खडा भोवतीच्या पांढऱ्या पित्तात हरवून जातो. म्हणून बारीक कापांचं त्रिमितीय चित्र काढल्याशिवाय सुटका नाही.

ग्रेझ नावाची आणखी एक पद्धत १९९१ सालची. तिच्यात दोन वेगवेगळ्या प्रकारचे प्रतिध्वनी एकमेकांत गुंफून मापं आणखी भराभर घेतात. तिच्या मदतीने संपूर्ण त्रिमितीय एमआरसीपी वीसेक सेकंदांच्या एका श्वासात बसते. आतड्यात हवा असेल तर मात्र तिथे चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि चित्र वेडंवाकडं होऊ शकतं.

दुसऱ्या मार्गावर पहिला मोठा लाभ झाला तो पोटावर ठेवायच्या कॉइलमुळे. सिग्नल ऐकणारी कॉइल एकच न ठेवता अनेक छोट्या कॉइल भोवताली मांडल्या, तर प्रत्येकीला तिच्या जवळचा भाग मोठ्याने आणि लांबचा हळू ऐकू येतो. हा फरकच माहिती देतो. त्यामुळे दोनपैकी एक किंवा तीनपैकी दोन ओळी गाळल्या तरी गणिताने उरलेलं सोडवता येतं. १९९९ आणि २००२ मध्ये आलेल्या सेन्स आणि ग्रॅपा या पद्धती आता सगळीकडे रुळल्या आहेत. फुकट काही मिळत नाही: मापं निम्मी केली की चित्रातली खरखर वाढते. म्हणून दुप्पट-तिपटीच्या पुढे हे फारसं ताणता येत नाही.

पाच मिनिटांवरून थेट एका श्वासावर येणं सर्वांत ठळकपणे जमलं ते कॉम्प्रेस्ड सेन्सिंगमुळे, म्हणजे मोजक्याच मापांतून पूर्ण चित्र काढण्याच्या गणितामुळे. या विषयात सगळ्यात सुंदर मला हेच वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

रात्री मालवणच्या किंवा हर्णैच्या बंदरावर उभं राहून समुद्राकडे पाहिलं तर काळ्या विस्तारात मोजक्या बोटींचे दिवे दिसतात. बाकी सगळा अंधार आहे हे आधीच माहीत असेल, तर कुठे कुठे दिवे आहेत हे शोधायला समुद्राचा वीत न् वीत तपासावा लागत नाही. एमआरसीपीचं चित्र अगदी असं असतं: बहुतेक सगळं काळं आणि मधून जाणाऱ्या थोड्या पांढऱ्या रेषा. अशा चित्राला सगळी मापं लागतच नाहीत, हे २००६ च्या सुमारास कांदेस, रॉम्बर्ग, ताओ आणि डोनोहो या गणितज्ञांनी सिद्ध केलं. २००७ मध्ये मायकेल लुस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनी ते एमआरआयला लावून दाखवलं.

मात्र मापं गाळायची कशी, यात खरी मेख आहे. ठरावीक अंतराने गाळली तर चित्राच्या नकला एकमेकांवर पडतात. नळीच्या शेजारी नसलेली दुसरी नळी दिसायला लागते आणि यापेक्षा घातक चूक नाही. पण यदृच्छेने, कुठलाही क्रम न ठेवता गाळली, तर तीच चूक चित्रभर बारीक वाळूसारखी पसरते. मग संगणक पुन्हा पुन्हा एकच काम करतो: वाळू थोडी झटकायची, ठळक रेषा ठेवायच्या, आणि हे चित्र आपण खरोखर घेतलेल्या मापांशी जुळतं का ते तपासायचं. जुळत नसेल तर दुरुस्त करायचं. अशा अनेक फेऱ्यांनंतर जे उरतं ते मापांशीही प्रामाणिक असतं आणि कमीत कमी पसाऱ्याचंही. कोष्टकाच्या मध्यभागाची, म्हणजे ढोबळ उजेडाची, मापं भरपूर घेतात आणि कडेची विरळ. बाकीचं गणित सोडवतं. ही गणना जड असते. रुग्णालयातल्या संगणकांना ती झेपायला आणि कंपन्यांना परवाने मिळायला त्यानंतर सुमारे दहा वर्षं गेली.

या पद्धतीने त्रिमितीय एमआरसीपी पंधरा ते वीस सेकंदांत, एका श्वासात होते. श्वास धरायचा तो भरून नाही, सोडून. श्वास सोडल्यावर छातीचा पडदा दर वेळी जवळपास त्याच जागी येतो, म्हणून. आमच्याकडच्या आजी-आजोबांना ‘श्वास सोडा, आता धरून रवा’ असं त्यांच्या बोलीत सांगितलं आणि आत जायच्या आधी दोन-तीनदा करून घेतलं की बहुतेकांना जमतं. यंत्रातल्या स्पीकरमधून एकदम कोरडी सूचना आली तर माणूस गोंधळतो आणि नेमका तेव्हाच श्वास घेतो. तंत्रज्ञानाइतकीच ही दोन मिनिटांची तालीम महत्त्वाची आहे आणि ती टाळू नये असं मी कळकळीने म्हणेन.

सगळ्यांना वीस सेकंद जमतीलच असं नाही. धाप लागणाऱ्या, फार म्हाताऱ्या, ऐकू न येणाऱ्या रुग्णासाठी कॉम्प्रेस्ड सेन्सिंग श्वासाच्या तालावरच वापरतात. मग श्वास धरायची सक्ती नसते आणि एरवीच्या निम्म्या किंवा त्याहून कमी वेळात काम होतं. माझ्या मते शहाणा क्रम असा: आधी एका श्वासातलं चित्र काढून बघावं. ते स्वच्छ आलं तर उत्तम. नसेल तर श्वासाच्या तालावरचं, जास्त वेळ घेणारं काढावं. दोन्हींतलं एक चांगलं निघण्याची शक्यता कितीतरी वाढते आणि पहिल्या प्रयत्नात वाया जातात ते फक्त वीस सेकंद.

गेल्या काही वर्षांत डीप लर्निंगही यात आलं आहे. हजारो चित्रांवर शिकवलेली संगणकप्रणाली विरळ मापांतून स्वच्छ चित्र काढून देते आणि तेही कॉम्प्रेस्ड सेन्सिंगपेक्षा झटपट. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकने मिळून गुडघ्याच्या एमआरआयची मापं संशोधकांसाठी खुली केली, त्यानंतर या कामाला जोर आला. मी याबद्दल आशावादी आहे, पण सावधही आहे. चित्र गुळगुळीत आणि देखणं दिसलं म्हणजे ते खरं आहे असं नाही. तीन मिलिमीटरचा खडा म्हणजे चित्रातले मोजके काळे बिंदू. खरखर पुसता पुसता तेही पुसले जाऊ शकतात. म्हणून चांगल्या प्रणालींमध्ये प्रत्येक टप्प्यावर घेतलेल्या मापांशी ताळा करण्याची सोय ठेवलेली असते.

वेगवान चित्रात काय कमी पडतं हेही स्पष्ट सांगायला हवं. मुख्य नळ्या, मोठे खडे, अडथळ्याची जागा हे एका श्वासातल्या चित्रात सहसा चांगलं दिसतं. यकृताच्या आतल्या अगदी बारीक फांद्या मात्र थोड्या फिक्या पडतात. ज्या आजारात त्या फांद्यांवरच निदान ठरतं, जसं पित्तनलिका जागोजागी आकसत जाण्याचा आजार, तिथे सावकाश काढलेलं चित्र अजूनही जास्त भरवशाचं ठरू शकतं. पाच मिलिमीटरहून लहान खडे तर संथ चित्रातही निसटू शकतात. एमआरसीपीत काही सापडलं नाही, पण कावीळ आणि रक्ततपासणी अडथळ्याकडेच बोट दाखवत असेल, तर दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असलेली तपासणी करतात. आणि दिसलेला प्रत्येक काळा ठिपका खडाच असतो असंही नाही. आधी ईआरसीपी झालेल्या माणसाच्या नळीत हवेचे बुडबुडे असू शकतात. उताण्या झोपलेल्या माणसात ते वर तरंगतात आणि खडे तळाशी बसतात, त्यावरून डॉक्टर फरक ओळखतात.

आपल्या किनारपट्टीसाठी हा वेग म्हणजे काय, याचा हिशेब वेगळा आहे. सावंतवाडी-दोडामार्गचा माणूस गोव्यात बांबोळीला जातो, राजापूर-लांज्याचा घाट चढून कोल्हापूरला, चिपळूणचा कुंभार्ली घाटातून कराडला, उरलेले मुंबईला. चित्र हललं म्हणून तपासणी पुन्हा करायची तर गाडीभाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि पुन्हा तोच घाट. यंत्र एक आणि रांग मोठी असेल तर प्रत्येक रुग्णामागे वाचलेली मिनिटं रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतात. आणि यातल्या बऱ्याच युक्त्या नव्या चुंबकात नसतात, त्या सॉफ्टवेअर, संगणक आणि चांगल्या कॉइलमध्ये असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र घेताना निविदेत चुंबकाची ताकद तेवढी बघतात. पोटाची कॉइल किती चॅनेलची आहे, म्हणजे तिच्यात किती छोट्या कॉइल आहेत, आणि कॉम्प्रेस्ड सेन्सिंगचा परवाना किमतीत धरला आहे का, हे विचारणं तितकंच गरजेचं आहे.

तपासणीला जाणाऱ्यांसाठी थोडं. साधारण चार ते सहा तास पोटात काही नको. दुधाचा चहासुद्धा नको, कारण स्निग्ध पदार्थ पोटात गेला की पित्ताशय आकुंचन पावून रिकामं होतं. सरबत किंवा पाणी पोटात असेल तर तेही पित्तासारखंच पांढरं चमकतं आणि नळ्या झाकतं. यावर काही ठिकाणी तपासणीच्या थोडं आधी अननसाचा रस पाजतात. अननसात मँगनीज असतं आणि ते पोटातल्या पाण्याचा सिग्नल लवकर विझवतं, मग जठर आणि आतडं काळं होऊन मागच्या नळ्या मोकळ्या दिसतात. हा रस सांगितला तरच घ्यावा, आणि मधुमेह असेल तर आधी बोलावं.

धातूबद्दल काही लपवू नये. पेसमेकर, जुन्या ऑपरेशनच्या क्लिपा, नळीतला स्टेंट, सगळं सांगावं. यातलं बरंचसं चालतं, पण ठरवायचं तपासणी करणाऱ्यांनी. बोटीच्या इंजिनावर किंवा गॅरेजात ग्राइंडिंग करणाऱ्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तेही आवर्जून सांगावं, चुंबकात तो हलू शकतो.

रिपोर्टमध्ये ‘श्वासाच्या हालचालीमुळे मर्यादा’ अशा अर्थाची ओळ असेल तर ती डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा आणि विचारा: जी जागा बघायची होती, ती दिसली आहे का?